विजयाचे थेंब घेताय? मग डॉक्टरांपासून लपवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ज्येष्ठांच्या आरोग्यावर तुमच्याकडे बरंच छापून येतं, शुगर, मोतीबिंदू, गुडघ्याचं ऑपरेशन सगळं येतं, पण एक गोष्ट घराघरात पोचलीये आणि तिच्याबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही म्हणून हे पत्र. भांग-गांजाच्या झाडापासून केलेली औषधं, म्हणजे ते 'विजया'चे थेंब (विजया हे भांगेचंच आयुर्वेदातलं नाव), सीबीडी ऑइल, आणि अमेरिकेतून येणाऱ्या गमीज, म्हणजे जेलीसारख्या गोळ्या. मी पुण्यात बरीच वर्षं मेडिकलचं दुकान चालवलं, आता ते भाचा बघतो, पण आमच्या भागातली वयस्कर मंडळी अजूनही औषधांची पिशवी घेऊन माझ्याकडेच येतात, यातली जेवणाआधी कुठली, नंतर कुठली, ही नवीन दिलीये ती जुनीच आहे का वगैरे विचारायला. त्या पिशव्यांत हल्ली एक छोटी काळी ड्रॉपरची बाटली दिसायला लागलीये. कुणाला गुडघ्यासाठी, कुणाला झोपेसाठी, एका काकांना पार्किन्सनसाठी मुलाने ऑनलाइन मागवून दिलेली.

आणि बाटली बाहेर काढली की बहुतेक वेळा पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "हे आमच्या डॉक्टरांना सांगू नका हां." मला या वाक्याची भीती वाटते. औषधाचा उपयोग होतो की नाही यावर बोलूच, पण आधीच पाच-सात गोळ्या चालू असलेल्या माणसाने सहावी-आठवी गोष्ट गुपचूप सुरू करायची आणि ज्याने त्या गोळ्या दिल्यात त्यालाच अंधारात ठेवायचं, हे फार वाईट आहे.

लपवण्याचं कारण लाज. आपण गांजा घेतोय असं लोकांना वाटेल ही लाज. म्हणून आधी कायद्याचं सांगते. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याचा चीक, यांच्यावर बंदी आहे, पण शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्यात. त्यामुळेच उत्तरेकडे काही राज्यांत भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत, आणि त्यामुळेच पानांच्या अर्काची आयुर्वेदिक औषधं आयुषच्या लायसन्सवर बनवता येतात. आयुर्वेदाला भांग नवीन नाही, जातिफलादि चूर्णात ती असतेच आणि पोटाच्या तक्रारींवर वैद्य ते देत आलेत. पण हे पण लक्षात घ्या की औषधांच्या नियमांत भांग शेड्यूल ई-१ मध्ये आहे, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, आणि म्हणून लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हे इंग्रजी-हिंदीत छापावं लागतं. मी बघितलेल्या एका बाटलीवर ते इतक्या बारीक अक्षरात होतं की सत्तरीतल्या माणसाला भिंगाशिवाय वाचता येणार नाही. त्यात आणखी एक घोळ म्हणजे हेम्प सीड ऑइल, बियांचं तेल, जे एफएसएसएआय या अन्नपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. ते सॅलडवर घालायचं तेल आहे, त्यात औषधी अंश जवळपास नसतोच, आणि लोक ते दुखण्यावर म्हणून महागात घेतात, किंवा उलट, पानाच्या अर्काची बाटली तेलच आहे की म्हणून चमच्याने घेतात. दोन्ही बघितलंय.

आता फायदा होतो का. होतो, काही ठिकाणी नक्की होतो, आणि जे सरसकट 'ही सगळी नशा आहे' म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. झाडात दोन मुख्य द्रव्यं, टीएचसी आणि सीबीडी. टीएचसीने डोकं गरगरतं, नशा येते, पण केमोच्या उलट्यांवरही तेच चालतं, अमेरिकेत त्याची कृत्रिम गोळी १९८५ पासून मंजूर आहे. सीबीडीने तशी नशा येत नाही आणि २०१८ मध्ये काही अवघड प्रकारच्या एपिलेप्सीवर तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, ते मंजूर केलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या शास्त्रज्ञांच्या संस्थेने सगळं संशोधन चाळून मोठा अहवाल काढला, त्यात मोठ्या माणसांचं जुनं दुखणं, केमोची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातले ताठलेले स्नायू या तिन्हींसाठी पुरावा चांगला आहे असं म्हटलं. इस्रायलमध्ये तर पासष्टीच्या पुढच्या अडीच हजारांहून जास्त पेशंटचा अभ्यास २०१८ मध्ये आला, सहा महिन्यांनी ९० टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले की बरं वाटतंय, दुखण्याचा आकडा १० पैकी ८ वरून ४ वर आला, आणि सुमारे १८ टक्के लोकांनी अफूच्या वर्गातल्या पेनकिलर बंद केल्या किंवा कमी केल्या. हे वाचून मला स्वतःला आनंद झाला होता, कारण त्या पेनकिलरचे हाल मी काउंटरवर बघितलेत, बद्धकोष्ठ, गुंगी, सगळं.

पण त्याच अभ्यासात तुलनेला दुसरा गटच नव्हता. म्हणजे ज्यांना नुसतं साधं तेल दिलं असतं त्यांना किती बरं वाटलं असतं हे कळायला मार्ग नाही, आणि दुखण्याच्या बाबतीत नुसत्या आशेनेही माणसाला बरंच बरं वाटतं. डेन्मार्कमध्ये अशी तुलना केली, हाताच्या सांध्यांचा संधिवात आणि सोरायटिक आर्थ्रायटिस असलेल्या लोकांना बारा आठवडे सीबीडीच्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना खोट्या गोळ्या, दोन्हीत काही फरक आला नाही. दुखण्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे आयएएसपी, तिनेही २०२१ मध्ये सांगितलं की आजच्या पुराव्यावर दुखण्यासाठी सरसकट हे वापरायला आमचा पाठिंबा नाही. म्हणजे आपल्याकडे जे सगळ्यात जास्त विकलं जातंय, गुडघ्यासाठी सीबीडीचे थेंब, त्याच्याच मागे पुरावा सगळ्यात लंगडा आहे. झोपेचं तसंच, सुरुवातीला लागते झोप, मग सवय होते, डोस वाढतो आणि सोडायला गेलं की रात्र रात्र जागरण.

काचबिंदूचं वेगळं सांगायला पाहिजे कारण त्याचे मेसेज फिरतायत. टीएचसीने डोळ्यातलं प्रेशर उतरतं हे खरंय, पण तीन-चार तासच, म्हणजे दिवसरात्र नशेत राहिलं तर उपयोग, आणि बीपी उतरल्यामुळे डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं ते वेगळंच. सीबीडीने तर प्रेशर वाढू शकतं असं दिसलंय. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने काचबिंदूला हे घेऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. आणि आमच्या इथे एक आजी रोजचे डोळ्यांत घालायचे थेंब बंद करून जिभेखालचे थेंब घ्यायला निघाल्या होत्या! त्यांच्या सुनेने वेळेवर विचारलं म्हणून ठीक, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

म्हाताऱ्या शरीराचं गणितच वेगळं असतं हे ऑर्डर घेणाऱ्याला माहीत नसतं. वय झालं की स्नायू कमी होतात आणि चरबीचं प्रमाण वाढतं, ही द्रव्यं चरबीत साठतात, यकृताचं काम मंदावलेलं असतं, त्यामुळे तरुणाला सकाळी उतरलेलं असतं ते पंचाहत्तरीच्या माणसाला दुपारपर्यंत रेंगाळतं. टीएचसीने उठून उभं राहिल्यावर बीपी एकदम पडतं आणि ठोके वाढतात. आधीच बीपीची गोळी, त्यात प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, जी बीपी अजून उतरवते, त्यात रात्री झोपेची किंवा नसांच्या दुखण्याची प्रीगॅबालिन, आणि वर हे थेंब. मग रात्री दोनला लघवीला उठायचं, अंधारात, ओल्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं वर्ष कसं जातं हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको.

आता एक जवळून बघितलेली गोष्ट. आमच्या शेजारच्या काकू, हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. ही गोळी फार काटेकोर असते, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, बघायचं, कमी झालं तर गुठळी आणि जास्त झालं तर रक्तस्राव. त्यांना गुडघ्यासाठी मुलीने विजयाचे थेंब मागवून दिले. प्रिस्क्रिप्शन होतं हो, रीतसर पीडीएफ होती, व्हिडिओ कॉलवर एका डॉक्टरांनी वय, वजन, कुठे दुखतं, किती दिवस दुखतं एवढं विचारलं आणि पाच मिनिटांत दिलं. बाकी काय औषधं चालू आहेत हे विचारलं नाही, आणि काकूंनी पण सांगितलं नाही कारण त्यांच्या मते हे आयुर्वेदिक, त्याचा ॲलोपॅथीशी काय संबंध. थोड्याच दिवसांत दात घासताना हिरडीतून रक्त यायला लागलं, दंडावर निळे डाग, भाजीची पिशवी अडकवली तरी हातावर वळ उठायचा. मी डाग बघितले आणि आधी आयएनआर करायला लावलं, ते पाचच्या वर आलं, जिथे तिनाच्या आसपास हवं. कार्डिओलॉजिस्टकडे गेलो तेव्हा काकू थेंबांबद्दल गप्पच, शेवटी मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. ते म्हणाले हे जुळतंय, कारण सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतं त्याच एन्झाइमने ती गोळी शरीरातून बाहेर काढली जाते, एन्झाइम अडलं की गोळी रक्तात साठत जाते. थेंब बंद केले, गोळीचा डोस काही दिवस थांबवला, आकडा खाली आला. डोक्यात रक्तस्राव झाला असता तर कुणी त्या बाटलीपर्यंत पोचलंही नसतं, म्हातारपणी होतं असं म्हणून सोडून दिलं असतं.

असंच क्लोपिडोग्रेल या गोळीचं, स्टेंट बसवलेल्या कितीतरी लोकांना ती चालू असते. ती गोळी यकृतात गेल्यावरच कामाला लागते आणि सीबीडीने ते काम मंदावू शकतं. म्हणजे एकीकडे रक्त जास्त पातळ होण्याची भीती आणि दुसरीकडे गुठळी होण्याची, आणि पेशंटला दोन्ही गोळ्या 'रक्त पातळ व्हायची' एवढ्याच नावाने माहीत. किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांची टॅक्रोलिमस, फिट्सची क्लोबाझाम, यांचीही पातळी वाढते. आणि ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना हे सांगणं तर फारच गरजेचं, अमेरिकेत २०२३ मध्ये भूलतज्ज्ञांच्या एका संघटनेने सांगितलं की ऑपरेशनआधी प्रत्येक पेशंटला हा प्रश्न विचाराच. आपल्याकडे गुडघा बदलायला जाणारे आजोबा तंबाखूचं कबूल करतात, थेंबांचं नाही.

पण यात डॉक्टरांचाही वाटा आहे आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर ज्या पार्किन्सनवाल्या काकांचं म्हटलं त्यांनी खरं तर सांगितलं होतं, स्वतःहून. तर त्यांच्या डॉक्टरांनी मुलासमोर त्यांना झापलं, आता या वयात गांजा सुरू केला का म्हणून. काका निवृत्त हेडमास्तर आहेत, आयुष्यभर लोकांनी मान दिलेला माणूस. त्यानंतर त्यांनी त्या डॉक्टरांना काहीच सांगायचं सोडलं, थेंबांचं तर नाहीच पण मधून मधून भिंतीवर माणसं दिसतात हेही सांगितलं नाही. पार्किन्सनमध्ये असे भास आजारामुळे होतात, त्याच्या औषधांनीही होतात आणि टीएचसीनेही होऊ शकतात, आणि नक्की कशाने होतायत हे शोधायचं तर डॉक्टरांना सगळं माहीत पाहिजे ना. डॉक्टरांनो, कृपा करून रागावू नका. शुगरची गोळी घेता का असं विचारता त्याच आवाजात विचारा, भांगेचं, सीबीडीचं, ऑनलाइन मागवलेलं काही घेता का.

कॅन्सरच्या पेशंटबद्दल मला पोटतिडकीने लिहायचंय. 'हेम्प ऑइलने ट्यूमर विरघळला' असे मेसेज व्हॉट्सॲपवर येतात, ते खोटे आहेत, माणसांमध्ये असं सिद्ध झालेलं नाही, आणि कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. मळमळीसाठी, भूक लागावी म्हणून काही पेशंटना याचा उपयोग होतो, तो जरूर डॉक्टरांशी बोलून घ्यावा. पण दुखणं असह्य असेल तर त्याच्यावर मॉर्फिनची गोळी आहे, स्वस्त आहे, जगभर वापरलेली आहे, २०१४ मध्ये एनडीपीएस कायदा बदलून ती मिळणं सोपं केलंय, आणि तरीही घरचे हजारो रुपयांच्या बाटल्या मागवतात आणि पेशंट कण्हत पडतो, कारण मॉर्फिन म्हटलं की 'शेवट आला' असं वाटतं. आमच्या पुण्यातच वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं सेंटर १९९७ पासून आहे, तिथे पेशंटला पैसे पडत नाहीत. मुंबईत टाटाला पॅलिएटिव्हचा पूर्ण विभाग आहे. आधी तिथे विचारा ना.

आणि आता अमेरिका-कॅनडातल्या मुलांना, कारण हा पेपर तेही वाचतात. आईबाबा सहा महिने येतात, थंडीने गुडघे धरतात, जेट लॅगने झोप येत नाही, आणि तुम्ही प्रेमाने दुकानातली गमी देता. ती गोड असते, दिसायला जेलीची गोळी. खाल्लेली गमी चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, जेवण तुपातलं असेल तर अंगात जास्त मुरते, आणि मधल्या वेळात "काहीच होत नाहीये रे" म्हणून आई दुसरी खाते. मग दोन्ही एकदम चढतात, सहा-आठ तास, छातीत धडधड, भिंत हलतेय, मी मरतेय. घरचे इमर्जन्सीत नेतात, तिथे स्ट्रोक आहे का म्हणून स्कॅन होतो, कारण सत्तरीची बाई धड बोलत नाहीये आणि कुणी गमीचं सांगत नाहीये. कॅलिफोर्नियात पासष्टीच्या पुढच्यांच्या गांजाशी संबंधित इमर्जन्सी भेटी २००५ मध्ये ३६६ होत्या, २०१९ मध्ये १२,१६७ झाल्या. कॅनडात ऑन्टारिओमध्ये खायचे प्रकार दुकानात आल्यावर वयस्कर लोकांमधली अशी विषबाधा गांजा कायदेशीर होण्याआधीच्या तिप्पट झाली. एका गमीत सहसा ५ किंवा १० मिलिग्रॅम टीएचसी असतं, आणि वयस्कर माणसाला डॉक्टर सुरुवात करतात ती एक ते अडीच मिलिग्रॅमने, रात्री, घरात कुणीतरी असताना, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवायचं नाही. हे तुमच्यापैकी किती जणांनी आईला सांगितलं होतं?

शिवाय अमेरिकेत राज्यात दुकान आहे म्हणून केंद्राचा कायदा बदलत नाही, व्हिसावर आलेल्या माणसाने गांजा वापरतो असं अधिकाऱ्यासमोर कबूल केलं तर प्रवेश अडू शकतो, ग्रीन कार्डवाल्यांना नागरिकत्वाच्या वेळी त्रास होऊ शकतो. आणि उरलेल्या गमीज बॅगेत टाकून भारतात आणू नका, इथे टीएचसीची गमी म्हणजे एनडीपीएसचा गुन्हा, तिकडच्या दुकानाची पावती मुंबईच्या विमानतळावर काही कामाची नाही.

आपल्याकडे सरकारने काय करावं तर, माझ्या मते बंदी घालू नये. बंदी घातली की हेच लोक कुठूनतरी खरा गांजा मिळवतील आणि मग बाटलीवर लेबलही नसेल. जम्मूच्या सीएसआयआर-आयआयआयएम या सरकारी संशोधन संस्थेत दुखणं आणि एपिलेप्सीवर या झाडापासून औषधं करायचं संशोधन चालू आहे, ते जोरात व्हावं, आणि त्यात साठीच्या पुढचे पेशंट घ्यावेत, कारण औषधांच्या चाचण्यांतून म्हातारी माणसं नेहमी वगळली जातात आणि मग औषध तीच सगळ्यात जास्त घेतात. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये टीएचसी किती मिलिग्रॅम आणि सीबीडी किती हे मोठ्या अक्षरात, मराठीतही छापायला लावावं. नुसतं 'विजया अर्क' लिहून मला, आयुष्य औषधांत घालवलेल्या बाईला, डोस कळत नाही तर ग्राहकाला काय कळणार. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली तेव्हा जेमतेम ३१ टक्क्यांच्या लेबलवर खरा आकडा होता आणि १८ मध्ये टीएचसी निघालं, तिथे ही परिस्थिती तर आपल्याकडच्या बाटल्या कुणीतरी तपासायलाच हव्यात. आणि व्हिडिओ कॉलवर प्रिस्क्रिप्शन देणाऱ्याला चालू औषधांची पूर्ण यादी लिहून घेतल्याशिवाय सही करता येऊ नये.

लोकांनी आजपासून करता येईल ते एवढंच की ही बाटली बाकीच्या औषधांच्या पिशवीतच ठेवा आणि डॉक्टरकडे जाताना अख्खी पिशवी न्या. थेंब घेतल्यावर चक्कर, रक्त येणं, भास, पडणं असं काही झालं तर बंद करून डॉक्टरांना सांगा आणि नोंदवा पण, औषधांच्या दुष्परिणामांसाठी सरकारची टोल फ्री लाइन आहे १८००-१८०-३०२४, आणि आयुर्वेदिक औषधांच्या तक्रारींसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत वेगळं केंद्र आहे. काकूंच्या बाबतीत आम्ही नोंद केली.

तुम्हाला विनंती अशी की एखाद्या रविवारी ज्येष्ठांचे आजार बघणारे एमडी डॉक्टर आणि एक अनुभवी वैद्य यांना एकाच पानावर वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला बोलवा, आणि प्रश्न नाव न छापता घ्या, म्हणजे लोक खरं विचारतील.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट, पुणे
(नाव छापू नये ही विनंती, शेजारच्या काकूंना ओळखलं जाईल)